हात खाली सोडून लढणारा अँडरसन सिल्वा: कला की माज?

गवाक्ष
एमएमए (ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालतं ती पिंजऱ्यातली लढत) बघणारे इथे किती आहेत माहीत नाही. क्रिकेटच्या धाग्यांवर भांडून कंटाळा आला म्हणून हा धागा काढतोय.

विषय अँडरसन सिल्वा. ब्राझीलचा, कुरितिबा शहरात नातेवाइकांकडे वाढलेला, एमएमएच्या लढती भरवणाऱ्या यूएफसी या कंपनीचा मिडलवेट वजनगटातला माजी विजेता. १४ ऑक्टोबर २००६ ला त्याने रिच फ्रँकलिनकडून पट्टा घेतला आणि तो ६ जुलै २०१३ पर्यंत सोडला नाही. २४५७ दिवस. यूएफसीत ओळीने १६ लढती जिंकला.

आकडे कुठेही सापडतील. मला बोलायचंय ते त्याच्या उभं राहण्याबद्दल. सहा फूट दोन इंच उंची, हात त्याहून लांब, आणि ते हात पार मांडीपाशी लोंबत सोडलेले. हनुवटी पुढे. समोरचा माणूस जीव खाऊन ठोसे मारतोय आणि हा फक्त मान इकडून तिकडे करतोय. मधेच नाचतो, मधेच 'ये ना, ये' म्हणून बोलावतो. निम्मे लोक यावर फिदा, उरलेल्यांच्या मते शुद्ध माज.

माझं म्हणणं असं की तो नाच कामाचा होता. सिल्वा पुढे घुसून मारणारा लढवय्या नव्हताच. समोरच्याने आधी हात टाकायचा, मग त्या उघड्या पडलेल्या जागेत याचा ठोसा बसायचा. आता समोरचा शहाणा असेल आणि लांबूनच गोल फिरत राहिला तर याने करायचं काय? तर त्याला चिडवायचं. हात सोडायचे, तोंड पुढे करायचं. तो आला की गेला.

तुम्हाला काय वाटतं? आणि इतक्या वर्षांनी, नंतरचं सगळं रामायण माहीत असूनही, त्याच्या जुन्या लढती परत परत बघाव्याशा का वाटतात?

सातारी_भडंग
पहिला! भडंग घेऊन बसलोय.

नितळ
मला यातलं ओ की ठो कळत नाही, रक्त बघितलं की चॅनल बदलते. पण तुमचं लिखाण वाचून एक शंका. समोरच्याने आधी मारायचं आणि मग आपण, हे दिसायला कसं दिसतं? मार तर आधी आपल्यालाच बसणार ना?

गवाक्ष
@नितळ, बसत नाही हीच तर गंमत. ८ ऑगस्ट २००९ ची फिलाडेल्फियातली फॉरेस्ट ग्रिफिनची लढत बघा. साडेतीन मिनिटांचीसुद्धा नाही. ग्रिफिन वरच्या वजनगटाचा माजी विजेता, धिप्पाड गडी. सिल्वाने दोनदा पाडल्यावर तो पेटला आणि ठोशांची माळ लावत अंगावर आला. सिल्वाचे हात खाली. डोकं डावीकडे, उजवीकडे, परत डावीकडे, आणि पावलं मागे मागे. ग्रिफिनचा शेवटचा ठोसा हवेत गेला त्याच क्षणी सिल्वाने मागे जाता जाताच उजवा हात नुसता पुढे टेकवला. झटका नाही, जोर नाही. ग्रिफिन उताणा. पडल्या पडल्या दोन्ही हात वर करून पंचांना सांगतोय की बास झालं. नंतर निकाल जाहीर व्हायचीही वाट न बघता तो पिंजऱ्याबाहेर पळत सुटला.

जोर सिल्वाने लावलाच नव्हता. धावत येणाऱ्याचा स्वतःचा वेगच त्याच्या तोंडावर आला.

नितळ
बघितली. बोटांच्या फटीतून. ग्रिफिनची दया आली हो.

जहाल_मवाळ
चालू द्या आरती. उत्तेजकांत सापडलेला माणूस आहे हा, याची आठवण करून देतो आणि तूर्तास गप्प बसतो.

सातारी_भडंग
जहालराव तूर्तास गप्प बसणार म्हणतायत. धाग्याला शंभरी नक्की.

गुडघेबाज
धागाकर्त्याशी बराचसा सहमत. मी पुण्यात मुए थाई, म्हणजे ठोसे-लाथा-गुडघे-कोपरांचं थाई बॉक्सिंग, शिकतो (शिकतो म्हणजे मार खातो), त्यामुळे दोन गोष्टी तांत्रिक अंगाने.

पहिली, हात खाली ठेवणं वाटतं तितकं वेडेपणाचं नाही. बॉक्सिंगचे ग्लोव्ह्ज जाड. गालाला लावून धरले की त्यांच्यामागे चेहरा लपतो. एमएमएचे ग्लोव्ह्ज जेमतेम चार औंसांचे, बोटं उघडी. त्यांच्यामागे लपलं तरी ठोसा फटीतून आत येतोच. मग दुसरा बचाव म्हणजे अंतर, आणि अंतर राखण्यात सिल्वाचा हात धरणारा कोणी नव्हता. शिवाय समोरचा कधीही पायात शिरू शकतो, तेव्हा त्याच्या काखेत हात घालून अडवायला हात खालीच असलेले बरे.

दुसरी, सगळे त्याच्या डोकं हलवण्याबद्दल बोलतात, पण त्याला पट्टा मिळाला तो गुडघ्यांनी. फ्रँकलिनची पहिली लढत बघा. सिल्वाने दोन्ही तळवे त्याच्या मानेमागे एकावर एक ठेवले, कोपरं त्याच्या छातीशी चिकटवली आणि डोकं खाली ओढलं. याला थाई पकड म्हणतात. यात सापडलेला माणूस पहिल्यांदा मान सरळ करायला बघतो, आणि मान वर केली की पोट उघडं. पोट झाकायला वाकला की तोंड खाली. फ्रँकलिनने दोन्ही करून पाहिलं. बरगड्यांत गुडघे, मग नाकावर गुडघा. नाक मोडलं, २ मिनिटं ५९ सेकंदांत खेळ खलास. आमच्या क्लासमध्ये ही पकड सरावात धरतात तेव्हा गुडघा न मारतासुद्धा अर्ध्या मिनिटात मान भरून येते.

वर्षभराने फ्रँकलिनच्याच गावी, सिनसिनाटीत, परत लढत झाली. परत तीच पकड, परत तेच गुडघे. समोरच्याला प्रश्नपत्रिका आधी माहीत होती, तरी नापास.

कट्ट्यावरचा_नाना
गुडघेबाज, सुंदर प्रतिसाद. त्यातच भर. यूएफसीत यायच्या आधी, एप्रिल २००६ मध्ये लंडनला टोनी फ्रिकलंडशी लढत होती. सिल्वाने खालून वर उलट्या कोपराने त्याला असा काही उडवला की गडी उभ्या उभ्या झोपला. हा वार त्याने एका थाई सिनेमात पाहिला होता. प्रशिक्षकाने सांगितलं, असलं काही चालायचं नाही. मग पठ्ठ्याने घरी बायकोच्या हातात उशी दिली आणि त्या उशीवर कोपर मारत सराव केला. हे त्यानेच सांगितलेलं आहे.

सातारी_भडंग
आमच्याकडे असा सराव करायला गेलो तर उशी, पांघरूण आणि मी, तिघेही हॉलमध्ये.

मिठाचा_खडा
हहपुवा =))

नितळ
त्या बाईंचं कौतुक कोणी केलं का? उशी धरणाऱ्याचाच हात खरा दुखतो.

लाल_माती
बोलू का थोडं विरोधात? आम्ही सांगलीकडचे, घरात कुस्ती. त्यामुळे उभ्याने नाचणाऱ्याचं आम्हाला फार कौतुक नाही. पट काढला की नाच संपतो.

७ ऑगस्ट २०१०, ओकलंड, चेल सॉनेन. हा सॉनेन अमेरिकन कुस्तीतला, आणि तोंडाचा महापाजी. लढतीआधी कित्येक महिने सिल्वाला, त्याच्या देशाला, त्याच्या गुरूंना काय वाटेल ते बोलला. पण नुसता बोलला नाही. पहिल्या फेरीपासून सिल्वाला खाली घेतलं आणि वर बसून धुतलं. दुसरी फेरी तेच. तिसरी तेच. चौथी तेच. लहानमोठे मिळून तीनशेच्या वर फटके मारले. पाचव्या फेरीतही तेच चालू. कुठे गेला तो हात सोडून नाचणारा? पाठीवर पडून छताचे दिवे मोजत होता.

आता तुम्ही म्हणाल शेवटी जिंकला कोण. सांगतोच. पाचव्या फेरीत ३ मिनिटं १० सेकंदांवर सिल्वाने खालून पायांचा त्रिकोण करून मान आणि हात अडकवला, सॉनेनने हार मानली. दोन मिनिटं कशीबशी काढली असती तर पट्टा गेला होता. म्हणजे ज्या लढतीने सिल्वाला देव केलं ती त्याने ठोशांनी जिंकलीच नाही. जमिनीवर जिंकली. धाग्याच्या विषयातच खोट आहे असं माझं मत.

गवाक्ष
@लाल_माती, मुद्दा कबूल, निष्कर्ष नाही. ठोसे मारणाऱ्याला जमिनीची भीती नसेल तरच तो वर मोकळेपणी खेळतो. सिल्वाला पाडलं तरी खालून हात किंवा गळा जाईल याची धास्ती समोरच्याला असायची. यूएफसीत येण्याआधी जपानमधल्या प्राइड या एमएमए स्पर्धेत तो असाच दोनदा जमिनीवर हरला. २००३ ला दाइजू ताकासेने याच त्रिकोणात धरलं, २००४ च्या ३१ डिसेंबरला र्यो चोनानने उडी मारून पायांची कात्री घातली आणि टाच पिळली. त्यानंतर नोगेरा बंधूंकडे जाऊन जमिनीवरचं शिकला, २००६ ला ज्यू-जित्सूचा (जमिनीवर गळा-सांधे अडकवण्याची विद्या) काळा पट्टा मिळवला, आणि त्याच वर्षी यूएफसीत आला. मला तरी हा योगायोग वाटत नाही.

लाल_माती
हे पटलं. अर्धं.

अवांतर: कुस्तीतून आलेला आपला भरत खंडारे २०१७ ला शांघायला यूएफसीत लढला होता. सोंग यादोंगने पहिल्याच फेरीत गळा आवळला. तेव्हा नुसत्या कुस्तीवरही भागत नाही हे मीच सांगतो, तुम्ही सांगायची गरज नाही.

खजुराचे_झाड
बऱ्याच दिवसांनी लॉगिन केलं ते या धाग्यासाठी. २०१० ला नोकरीनिमित्त अबू धाबीत होतो. १० एप्रिलला यस बेटावर यूएफसी ११२ झालं, उघड्यावर उभारलेल्या मैदानात. रूममेटकडे एक जास्तीचं तिकीट होतं म्हणून गेलो, सिल्वाचं नावही फारसं माहीत नव्हतं.

समोर डेमियन माया, ज्यू-जित्सूतला मोठा माणूस, उभ्याने लढण्यात कच्चा. पहिल्या दोन फेऱ्या सिल्वाने त्याला खेळवलं, आम्ही बेहद्द खूश. तिसरीपासून मात्र सिल्वाने मारणंच सोडलं. नुसता नाचतोय, हातवारे करतोय, ओरडतोय, मायाला शिव्या घातल्यासारखं काहीतरी बोलतोय. माया बिचारा एक डोळा सुजलेला, तरी पुढे पुढे येतोय. सगळं मैदान हुर्यो करायला लागलं. आमच्या पुढच्या रांगेत एक ब्राझीलचा माणूस झेंडा पांघरून बसला होता, त्याने चौथ्या फेरीत झेंडा घडी घालून पिशवीत ठेवला. पाचव्या फेरीत पंचांनीच सिल्वाला ताकीद दिली. सगळा तमाशा बघून यूएफसीचा मालक माणूस डेना व्हाइट अर्ध्यातून उठला, पट्टा सिल्वाच्या मॅनेजरच्या हातात कोंबला आणि चालता झाला.

जिंकला सिल्वाच. पण त्या रात्री तिथे बसलेल्या कोणालाही विचारा, ती कला होती का. माज, माज आणि माज.

मिठाचा_खडा
ब्राझीलवाल्याने झेंड्याची घडी घातली ते वाचून कसंतरी झालं.

टोकाचा_मुद्दा
डेना व्हाइट मालक नाही, अध्यक्ष होता. मालकी तेव्हा फर्टिटा बंधूंची (त्यात व्हाइटचाही थोडा हिस्सा). बाकी चालू द्या.

खजुराचे_झाड
@टोकाचा_मुद्दा, बरं अध्यक्ष. उठून गेला तो गेलाच की नाही?

गवाक्ष
खजुरराव, तुमचा प्रतिसाद माझ्या बाजूचाच पुरावा आहे. :) माया उभ्याने मारायला येईना, कारण आला की मार बसत होता. सिल्वा जमिनीवर जाईना, कारण तिथे माया वाघ. मग समोरच्याच्या ठोशावर उलटा ठोसा मारणाऱ्याला मारायला काही उरतच नाही. चिडवण्याचा नाच चालू, पण चिडून येणारा कोणी नाही. आदल्या वर्षी माँट्रियलमध्ये थालेस लेइतेसविरुद्ध हेच झालं होतं, तिथेही प्रेक्षकांनी हुर्यो केली. म्हणजे त्याची शैली समोरच्यावर अवलंबून. ग्रिफिन असेल तर मेजवानी, लेइतेस असेल तर उपास.

खजुराचे_झाड
असेल. पण मग मायाला शिव्या कशाला? तो पुढे येतच होता, डोळा मिटलेला असून. शैलीची अडचण होती हे मान्य, पण त्या दिवशी तो त्या माणसाला लाजवत होता, आणि ते मी बघितलंय.

गुडघेबाज
यावर खजुररावांना अनुमोदन. माझाही तो आवडता आहे, पण मायाची लढत मी परत बघत नाही.

पडवळ_पाटील
मारधाडीच्या सिनेमांतला नट स्टीवन सिगल, त्याचा विषय अजून कसा निघाला नाही? ५ फेब्रुवारी २०११, व्हिटॉर बेलफोर्ट. पहिली अडीच-तीन मिनिटं दोघेही नुसते एकमेकांकडे बघत. मग सिल्वाने नजर खाली, पोटाकडे ठेवली आणि डाव्या पायाची सरळ लाथ बेलफोर्टच्या दोन हातांच्या मधून हनुवटीवर. बेलफोर्ट कोसळला. तीन मिनिटं पंचवीस सेकंद. आणि लगेच सिगल साहेब मुलाखत द्यायला हजर की ही लाथ मीच शिकवली.

सातारी_भडंग
काही लोक फक्त फोटोत यायला येतात. आमच्या गल्लीच्या गणपतीतही एक आहेत.

गुडघेबाज
समोरची लाथ कुठल्याही क्लासमध्ये पहिल्या आठवड्यात शिकवतात. ती बेलफोर्टसारख्या चपळ माणसाच्या हनुवटीला लागेल असं कोणाला वाटलं नव्हतं, कारण समोरची लाथ लोक पोटात मारायचे, माणूस लांब ढकलायला. सिल्वाची नजर पोटाकडे होती म्हणूनच बेलफोर्टचे हात किंचित खाली आले. त्यानंतर दोन-तीन वर्षं जो तो तीच लाथ मारत सुटला.

जहाल_मवाळ
आता बोलतो. तूर्तास संपलं.

३१ जानेवारी २०१५, निक डियाझशी लढत. सिल्वा गुणांवर जिंकला. मग कळलं की लढतीआधीच्या चाचणीत ड्रोस्टॅनोलोन सापडलंय. स्टेरॉइड. निकाल रद्द, नेवाडा राज्याच्या क्रीडा आयोगाने वर्षभराची बंदी घातली. सुनावणीत काय कारण दिलं माहितीये? मित्राने थायलंडहून आणलेल्या 'ताकदीच्या' औषधात ते असावं म्हणे. कसली ताकद ते सुज्ञांनी ओळखावं. २०१७ मध्ये पुन्हा चाचणीत सापडला. त्या वेळी दूषित पूरकाचं कारण मान्य झालं, तरी वर्षभर बाहेर बसला.

आणखी एक. २०१२ ला रिओमध्ये स्टेफन बॉनरला त्याने हरवलं. चाचणीत बॉनर सापडला, ड्रोस्टॅनोलोनमध्येच. सॉनेनही त्या ओकलंडच्या लढतीनंतर सापडला होता. तेव्हा सिल्वाचे भक्त काय म्हणत होते? बघा, समोरचे औषधं घेऊन येतात आणि आमचा माणूस नुसत्या कलेवर जिंकतो. पुढे आपल्या माणसाच्या बाटलीत तेच निघालं. कला वगैरे ठीक आहे, पण आता कुठली लढत खरी धरायची?

गवाक्ष
जहालराव, हा डाग आहे आणि तो पुसता येणार नाही. पण सापडला तेव्हा तो ३९ वर्षांचा, मोडलेल्या पायावरून परत येणारा. २००६ ते २०१२ मधल्या लढतींवर तेवढ्यावरून काट मारायची?

जहाल_मवाळ
काट मारायची असं मी म्हटलं नाही. खात्री उरली नाही असं म्हटलं. तेव्हाच्या चाचण्या किती कडक होत्या ते तुम्हालाही माहीत आहे. स्टेरॉइडने डोकं चुकवता येत नाही हे पुढचं वाक्य तुम्ही लिहिणार, तर लिहू नका. सराव जास्त करता येतो, दुखणं लवकर भरतं. डोकं चुकवायलाही सराव लागतोच.

गवाक्ष
तेच लिहिणार होतो. हात आखडला.

मिठाचा_खडा
जहालरावांचा उलटा ठोसा. गवाक्ष उताणे.

हाडवैरी
मी हाडांचा डॉक्टर. मोडलेल्या पायाचा उल्लेख आला म्हणून.

२८ डिसेंबर २०१३, सिल्वाचा पट्टा घेणाऱ्या ख्रिस वाइडमनशी दुसरी लढत. सिल्वाने डाव्या पायाची जोरदार लाथ वाइडमनच्या पुढच्या पायावर मारली. वाइडमनने गुडघा उचलून पुढे केला. आता लाथ मारणाऱ्याची नडगी लागते ती खालच्या भागात, तिथे हाड निमुळतं आणि वर मांसाचं आवरण जवळजवळ नाही. समोरच्याने पुढे केला तो गुडघ्याखालचा भाग, नडगीचा सगळ्यात जाड तुकडा. वेगाने येणारं बारीक हाड जाड हाडावर आडवं आपटलं की वाकायला बघतं, आणि हाड फारसं वाकू शकत नाही. नडगीचं हाड आणि शेजारचं बारीक हाड, दोन्ही मोडली. पाय खाली टेकला तेव्हा तो मधूनच दुमडला. त्याच रात्री शस्त्रक्रिया करून आत धातूचा रॉड घातला. अशा रॉडवर माणसं पुन्हा चालतात, धावतातही. तेरा महिन्यांनी पुन्हा पिंजऱ्यात उतरणं मात्र माझ्या पेशंटला मी करू दिलं नसतं.

तो अडवण्याचा प्रकार अपघाताने झाला नव्हता. वाइडमनचे प्रशिक्षक रे लाँगो त्यांच्याकडे याचा मुद्दाम सराव करून घ्यायचे.

आणि नशिबाचे फेरे बघा. एप्रिल २०२१ मध्ये वाइडमनने यूराया हॉलला लढतीतली पहिलीच लाथ मारली, हॉलने ती तशीच अडवली, आणि सतराव्या सेकंदाला वाइडमनचा पाय अगदी तसाच मोडला.

नितळ
डॉक्टर, वाचता वाचता माझीच नडगी दुखायला लागली.

टोकाचा_मुद्दा
आणि हाच हॉल सिल्वाच्या यूएफसीतल्या शेवटच्या लढतीत समोर होता. ३१ ऑक्टोबर २०२०, चौथ्या फेरीत सिल्वा हरला. ४५ वर्षांचा होता.

लाल_माती
सगळं बोललात, पण वाइडमनची पहिली लढत कोणी काढली नाही. गवाक्षभाऊ, तुमचा 'नाच कामाचा होता' हा सिद्धांत तिथे काय म्हणतो? ६ जुलै २०१३. वाइडमन कुस्तीवाला. पहिल्या फेरीत त्याने सिल्वाला खाली घेतलं. दुसरीत सिल्वाचं नाटक सुरू. ठोसा लागला की पाय लटपटल्याचा अभिनय, परत हात खाली. आणि बसला की. तिथे कुठलं काम चालू होतं?

गवाक्ष
तिथेही तेच काम होतं, फक्त समोर गिऱ्हाईक वेगळं होतं. तो शेवटचा प्रसंग हळू करून बघा. बहुतेक बॉक्सर हात आलटून पालटून मारतात, डावा, उजवा, डावा. सिल्वाचं डोकं त्या तालावर हलायचं. वाइडमनने उजवा मारला, चुकला. तोच उजवा हात उलट्या बाजूने परत आणला, तोही चुकला, पण सिल्वाची कंबर तोवर मागे वाकून संपली होती. पाय एका रेषेत, आणखी मागे जायला जागा नाही. मागोमाग डावा हूक. ताल मोडला आणि गडी पडला. दुसरी फेरी, एक मिनिट अठरा सेकंद.

हात वर असते तर वाचला असता का? बहुधा हो. पण हात वर ठेवणारा सिल्वा त्याआधी १६ लढती जिंकला असता का, मला शंका आहे.

लाल_माती
आमच्या वस्तादांना हे उत्तर दिलं असतं तर शंभर जोर जास्तीचे मारायला लावले असते.

गुडघेबाज
@लाल_माती, माझे सरही. पण त्यात एक बारीक गोष्ट. तोवर सिल्वाचं वय ३८ झालं होतं. डोकं हलवून बचाव करणाऱ्याचं सगळं भांडवल म्हणजे नजर आणि तो एक क्षण. तो क्षण जरासा उशिरा यायला लागला की हात खाली ठेवणं परवडत नाही. रॉय जोन्स ज्युनियरचं बॉक्सिंगमध्ये हेच झालं. सिल्वाला जोन्सशी लढायची फार हौस होती, दोघांची हात सोडून उभं राहायची तऱ्हा सारखीच.

टोकाचा_मुद्दा
जोन्स मिळाला नाही, पण बॉक्सिंग केलंच. जून २०२१ मध्ये ग्वादालाहाराला हुलिओ सेझार चावेझ ज्युनियरला हरवलं. चावेझ माजी जागतिक विजेता, मैदान त्याच्या मेक्सिकोत, आणि सिल्वा ४६ चा.

पडवळ_पाटील
ती लढत मी पाहिली. कोपऱ्यात पाठ लावून उभा, चावेझला सांगतोय मार, मार. ४६ व्या वर्षी. आता याला माज म्हणा नाहीतर काही म्हणा, मला हसू आवरत नव्हतं.

मिठाचा_खडा
मी आधी सिल्वा पाहिलाच नव्हता, इझ्रायल अडेसान्या बघत मोठी झाले. २०१९ ला मेलबर्नमध्ये दोघांची लढत झाली, सिल्वा ४३ चा. भारतात रविवारी सकाळी लागते ना, आई पोहे करत होती. टीव्हीकडे बघून म्हणाली, "हे भांडतायत की एकमेकांना आरशात बघतायत?" अडेसान्या त्यालाच बघून शिकलेला. शेवटची घंटा झाल्यावर दोघं गळ्यात पडले. त्यानंतर मी सिल्वाच्या जुन्या लढती शोधून काढल्या. मला त्याचं जिंकणं फारसं आठवतच नाही. त्याचं चुकवणं आठवतं.

खजुराचे_झाड
हे मात्र बरोबर. मायाच्या पहिल्या दोन फेऱ्यांतलंही चुकवणंच आठवतंय मला, पुढचं नकोसं झालं तरी.

नितळ
मी इथे पहिल्या दिवसापासून आहे, तर माझंही मत घ्या. पडवळ पाटलांची बेलफोर्टची लाथ पाहिली, आणि जहालरावांनी नाव घेतलं म्हणून बॉनरचीही पाहिली. त्या बॉनरच्या लढतीत सिल्वा जाळीला पाठ टेकवून उभा राहतो आणि त्याला म्हणतो, मार. बॉनर चांगला दांडगा, वरच्या गटातला, आणि कोणीतरी आयत्या वेळी सापडेना म्हणून घाईत आणलेला. तो मारतोय, सिल्वाचं डोकं जाळीला घासत इकडून तिकडे, मागे जायला जागाच नाही. मग सिल्वा जाळीपासून सुटतो आणि छातीखाली एक गुडघा. बॉनर दुमडला.

माझं मत: माज आहे. शंभर टक्के माज. ज्याला मागे सरकायची सोय असताना मुद्दाम जाळीला टेकून उभं राहावंसं वाटतं त्याला चिडवून कोणाला पुढे आणायचं नसतं, बॉनर येतच होता. त्याला बघायचं होतं की जमतंय का. आणि गवाक्ष, तुम्हाला परत परत बघावंसं वाटतं तेही त्यासाठीच, तुमच्या सिद्धांतासाठी नाही.

सातारी_भडंग
नितळताईंना काही कळत नाही म्हणे!

गवाक्ष
नितळ, बॉनरचं उत्तर माझ्याकडे नाही. बाकीच्या लढतींसाठी सिद्धांत मागे घेत नाही.

जहाल_मवाळ
बॉनरच्या वेळच्या चाचण्यांबद्दल पण बोलू का?

मिठाचा_खडा
जहालकाका, नको. नितळताई, आता २००६ ची ख्रिस लेबेन बघा, ४९ सेकंदांची आहे. यूएफसीतली त्याची पहिलीच. बोटांच्या फटीतून बघायलाही वेळ मिळणार नाही.